रोज सकाळी मराठी

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. अमरावतीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. पद लहानच आहे, पण लॅबच्या दाराच्या आत माझंच राज्य. पोरं मला घाबरतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. मास्तर लोकसुद्धा प्रिंट काढायला आले की आधी दारातून माझं तोंड पाहतात आणि मग आत यायचं की नाही ते ठरवतात. अशा बाईने कुणाचं कौतुक करायला बसावं म्हणजे नवलच. पण माझ्या वहिनीने माझी अशी काही जिरवली आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही तिला वयनी म्हणतो. अकोल्यापासून तासाभरावर आमचं गाव. दादाचा तिथे मळा आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेकडेने झेंडू. वयनी लग्न होऊन आली तेव्हा मी दुसरीत होते. माझ्या उवा तिने काढल्या, वेण्या तिने घातल्या, शाळेत मार खाल्ला की आईपासून लपवून साखर-पोळीही तिनेच चारली. तरी ती मला आजही ‘बाई, तुमी’ म्हणते आणि मी तिला ‘तू’. का, तर मी नणंद! आमच्याकडे नणंद शेंबडी असली तरी मान तिचा. मीही तो मान बिनदिक्कत घेत आले.

गावात ग्रामपंचायतीच्या मागे दोन खोल्यांचं वाचनालय आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी वयनी तिथे झाडझूड करायला जाऊ लागली. शिक्षण चौथी. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं, आणि पाचवी काही तिच्या वाट्याला आली नाही. पण मराठी अशी वाचते की बस! झाडताना पुस्तक उचलायचं, उचललं की उघडायचं, उघडलं की झाडू काखेत धरून उभ्याउभ्या चार पानं वाचायची. तेव्हाचे ग्रंथपाल गुरुजी भले माणूस होते. ते रागावले नाहीत, उलट तिला पुस्तकं घरी न्यायला देऊ लागले. पुढे त्यांची नजर गेली तेव्हा कपाटातून पुस्तक काढून द्यायचं काम हीच करायची. ते वारल्यावर समितीने दुसरा माणूस नेमलाच नाही. नेमू, नेमू म्हणत राहिले, आणि वाचनालय वयनी चालवत राहिली. कागदावर मात्र ती मदतनीसच.

कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर, कोणाकडे गेलंय आणि तो माणूस ते खरंच वाचून राहिला की नुसतं उशाशी घेऊन झोपतो, हे सगळं तिला तोंडपाठ. सासूशी भांडून आलेल्या सुनेला ती विनोदी पुस्तक काढून देते. ‘हे वाच अन् मंग घरी जाय,’ म्हणते. सून तिथेच बाकावर बसून वाचते, आणि खरंच तासाभराने घरी जाते. मी स्वतः पाहिलंय.

गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले, तर वयनीचं तोंड उतरलेलं. करंज्या तळत होती, पण लक्ष नव्हतं; एक घाणा काळा झाला. वयनीच्या हातचा घाणा काळा होतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. मी खोदखोदून विचारलं तेव्हा बोलली.

“होळीनंतर वाचनालयाची तपासणी हाये म्हणे. पुस्तकाईची यादी कम्पुटरवर पायजे. समितीचे सचिव म्हणत होते, वयनी, आता तुमी आराम करा. कम्पुटर येनारं मानूस पायतो आमी.”

“आराम करा म्हणजे?”

“म्हणजे घरी बसा.”

एवढं बोलून तिने झारा कढईवर ठोकला. पंचवीस वर्षं जिथलं दार तिने रोज सकाळी उघडलं, तिथून तिला उठवणार होते, आणि तेही यादीपायी! जी यादी तिच्या डोक्यात आहे! माझं टाळकं सरकलं. मी तशीच उठून सचिवांच्या घरी निघाले होते. दादाने हात धरून बसवलं. “तू गेलीस तं जे होनार नाई थेबी होईन,” म्हणाला. भाऊ माझा कमी बोलतो, पण मला ओळखतो.

मग मी दुसरा मार्ग काढला. आमच्या लॅबमधून एक जुनं मशीन भंगारात निघालं होतं. हार्डडिस्क मेलेली, बाकी धडधाकट. साहेबांना विचारून ते मी मिळवलं आणि रेल्वेने गावी आणलं. हार्डडिस्क नसली म्हणून अडत नाही. लिनक्सची एक हलकी जात असते, ती पेनड्राइव्हवरून उठते. पेन खोचायचा, बटण दाबायचं. सगळा कारभार पेनमधून निघून मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत जाऊन बसतो, आणि पंधरा वर्षांचं खटारंही तुरुतुरु पळायला लागतं. फक्त बंद केलं की ती तात्पुरती आठवण पुसली जाते. तुम्ही केलेले बदल ठेवायचे असतील तर बंद होताना ते एकदा विचारतं, ठेवू का? हो म्हटलं तर पेनवर जपून ठेवतं. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं.

वाचनालयात टेबल पुसून मशीन मांडलं. वयनीने त्याला हळदकुंकू लावलं, पेनलाही लावलं. मी ओरडले, “पेनच्या तोंडात कुंकू गेलं तर चालणार नाही हं!” तिने गुपचूप पदराने पुसलं.

पडदा उजळला तो इंग्रजीत. वयनी पाहत राहिली, आणि हळूच म्हणाली, “बाई, हे तं आपलं काम नाई.”

“थांब. ह्याला मराठी करते.”

तिला ते पटेना. कम्पुटर मराठीत बोलतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. मी भाषांच्या यादीत गेले, खाली सरकत सरकत एम-आर या मराठीच्या अक्षरांपाशी थांबले, खूण केली आणि पडदा पुन्हा सुरू केला. पाहते तो काय, सगळीकडे चौकोनी डबे! मराठी टाइप, म्हणजे फॉन्ट, चढवायलाच विसरले होते. आता शहाण्या माणसाने शांतपणे टाइप चढवला असता. पण मी शहाणी नाही, रागीट आहे. सरळ बटण बंद केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भाषा, टाइप, पडदा. आणि आली की हो मराठी! वयनी हात जोडून उभी राहिली. तेवढ्यात लाइन गेली. वीसेक मिनिटांनी आली, आणि मी दात-ओठ खात तिसऱ्यांदा सगळं केलं. वयनी मागे स्टुलावर बसून एका जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहून घेत होती. काय लिहितेस, हे मी विचारलंही नाही.

त्यानंतर मात्र मजा आली. पडद्यावरची मराठी मलाच परकी! ‘धारिका’, ‘संपादन’, ‘अवलोकन’. वीस वर्षं लॅबमध्ये घालवूनही मला धारिका म्हणजे फाइल हे लक्षात यायला वेळ लागला. वयनीला नाही लागला. “धरून ठेवते थे धारिका. त्यात काय?” असं म्हणून तिने ती उघडलीसुद्धा. संपादन म्हणजे दुरुस्ती, अवलोकन म्हणजे नजर फिरवणं, सगळं तिला कळत गेलं. कळणारच. पंचवीस वर्षं वाचली होती बाई. माझी शिकवणी तिथेच संपली म्हणा ना! यादीची फाइल मी पेनवरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायला शिकवलं, म्हणजे काही झालं तरी ती पुसली जाणार नाही. मराठी अक्षरांचा कीबोर्ड कागदावर काढून भिंतीला चिकटवली. मग घड्याळ पाहिलं आणि धावपळ झाली, कारण अमरावतीला परतायला मला अकोल्याहून बडनेऱ्याची गाडी गाठायची होती.

दारातून चपला घालता घालता मी ओरडून सांगितलं, “वयनी, बंद करताना किंवा कधीही त्याने इंग्रजीत काही विचारलं, तर ‘नो’ दाबायचं! दोन अक्षरांचं बटण, दुसरं अक्षर गोल. जे कळत नाही त्याला हो म्हणायचं नाही, समजलं?”

“हाव,” ती म्हणाली.

हा माझा लॅबमधला नियम. पोरं काहीही उगवलं की हो, हो दाबत सुटतात आणि मशीनची वाट लावतात. म्हणून मी सगळ्यांना दरडावून ठेवलंय. नियम चांगलाच आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

पुढे मी दर रविवारी फोन करायचे. “चालू आहे ना?”

“हाव, चालू हाये. आज पाचव्या कपाटाची तिसरी फळी झाली.”

“काही अडचण?”

“काई नाई. सकाळी लावतो, संध्याकाळी बंद करतो.”

वऱ्हाडात बायकाही ‘लावतो, करतो’च म्हणतात. मी समाधानाने फोन ठेवायचे. लॅबमध्ये सांगत सुटले होते की बघा, माझी चौथी शिकलेली वहिनी लिनक्स चालवते, आणि तुम्हाला विंडोजचा पासवर्ड आठवत नाही. त्या कौतुकात अर्धा वाटा मी माझ्यासाठीही काढून ठेवत होते, हेही सांगून टाकते.

होळी झाली. तपासणीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. येताना अमरावतीचा गिला वडा, म्हणजे दह्यातला वडा, बांधून आणला होता, पण वयनीने हात लावला नाही. इस्त्रीची सुती साडी नेसून, केसाला तेल लावून, ती टेबलापाशी बसलेली. कम्पुटर चालू, पडदा मराठीत, यादी पूर्ण. सगळी पुस्तकं तिने एकेक बोट दाबत चढवली होती. सचिव कडक शर्टात इकडून तिकडे फिरत होते. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी घड्याळ पाहायची सवय. मला पाहून म्हणाले, “ताई, तुम्ही आलात ते बरं झालं. तुमच्या वयनीले आता वयपरत्वे झेपत नाही. तालुक्याची एक पदवीधर मुलगी मी बघून ठेवलीय, कम्पुटरचा कोर्स झालेली. तपासणीच्या फॉर्मवर संगणक हाताळणाऱ्याचं नाव लागते, तिथं तिचं टाकू म्हणतो.”

मी तोंड उघडलं होतं, पण वयनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. आयुष्यात फार कमी वेळा मिटलं असेल.

जिल्ह्याहून तपासणीला एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, उन्हाने शिणलेल्या. सकाळपासून त्यांची दोन वाचनालयं झाली होती. पाणी प्यायल्या, रजिस्टरं चाळली, मग कम्पुटरकडे वळल्या. वयनीने यादी उघडून दाखवायला माउसवर हात ठेवला, आणि पंखा थांबला. पडदा काळा. लाइन गेली.

दहा मिनिटं आम्ही सगळे फॉर्मने आणि वर्तमानपत्रांनी वारा घेत बसलो. लाइन आली. वयनीने बटण दाबलं. मशीन घरघरलं, पडदा उजळला, आणि सगळं इंग्रजीत!

 अगं बाई, हे काय! मला वाटलं, लाइनच्या झटक्याने पेन खराब झाला. सचिव वाकून पडदा बघत म्हणाले, “बिघडलं वाटते. मॅडम, मी म्हणत होतो ना, म्हणूनच शिकलेलं माणूस पायजे.” मी खुर्ची मागे सारून उठले.  वयनीची पंचवीस वर्षं माझ्या त्या पेनवर टांगलेली होती.

“बसा बाई तुमी,” वयनी म्हणाली. “चहा येऊन राहिला. प्या.”

आणि कामाला लागली. ना चष्मा सावरला, ना तो रजिस्टरचा कागद काढला. वरच्या कोपऱ्यात एक टिचकी. एक इंग्रजी खिडकी उघडली. तिच्यात तिसऱ्या ओळीवर दुसरी टिचकी. भाषांची ती लांबच लांब यादी आली, आणि वयनीचं बोट माउसच्या चाकावर फिरायला लागलं. खाली, खाली, खाली, आणि थांबलं. बरोबर एम-आरवर. शेजारी खूण. मग पेनचा कप्पा उघडून मराठी टाइप चढवला. मग पडदा बंद करून पुन्हा सुरू करायची आज्ञा. पडदा पार काळा झाला.

“गेला!” सचिव म्हणाले.

“येते,” वयनी म्हणाली.

आणि आला. धारिका, संपादन, अवलोकन, सगळं जिथल्या तिथे. दोन मिनिटंही लागली नसतील. लॅबमध्ये माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एकाही पोराने हे असं, न अडखळता, लोक डोक्यावर उभे असताना केलं नसतं. मीही केलं नसतं. मी दोनदा चुकले असते आणि तीनदा बटणावर हात मारला असता.

तपासणीच्या बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, “हे तुम्हाला कसं येतं?”

“रोजच करा लागते ना, मॅडम.”

“रोज?”

“हाव. आता सांगा, कोनतं पुस्तक पायजे?”

बाईंनी थोडा विचार करून विहिरींवरचं काही आहे का म्हणून विचारलं. वयनीने अक्षरं दाबायला सुरुवात केली आणि दाबता दाबताच म्हणाली, “सातवं कपाट, खालून दुसरी फळी. पन सध्या थे पाटलाकडे गेलं हाये, सोमवारी येईन.” क्षणभराने पडद्यावरही तेच आलं. बाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, असं त्यांचं तोंड दिसलं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि संगणक हाताळणाऱ्याच्या नावाच्या रकान्यावर पेन ठेवून वयनीला नाव विचारलं.

सचिव म्हणाले, “मॅडम, तिथं आम्ही दुसरं नाव...”

“मी जे पाहिलं ते लिहिते,” बाई म्हणाल्या. आणि लिहिलं.

माझे डोळे भरून आले. मी चहाच्या कपात तोंड घातलं, कारण सचिवांसमोर रडायची माझी तयारी नव्हती. सचिवांनी घड्याळ पाहिलं, मग वयनीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “वयनी, उद्या जरा मलेबी शिकवजा हे.” तेवढ्यापुरतं मी त्यांना माफ केलं.

सगळे गेल्यावर वयनीने गिला वडा खाल्ला, चांगले तीन खाल्ले. मग बंद करायला बसली. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. तिने बंद करण्याची टिचकी मारली, आणि पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला. डावीकडे एक लांब बटण, उजवीकडे दोन अक्षरांचं. वयनीचं बोट सरळ उजवीकडे गेलं.

“थांब!” मी किंचाळले.

पण बोट दाबलं गेलं होतं. पडदा विझला. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. दिवाळीपासून होळीपर्यंत! दररोज!

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. “वयनी, तू रोज सकाळी हे सगळं करत होतीस? भाषा, टाइप, पडदा, सगळं?”

“मंग? तुमीच तं केलं होतं तीनदा. तवाच म्हटलं, दर वेळी लावा लागते. आपन फळ्यावर सुविचार रोज लिवतो ना? संध्याकाळी पुसतो, सकाळी नवा लिवतो. पेपरबी कालचा काढून आजचा लावतो. हे बी तसंच.”

तिने तो रजिस्टरचा कागद काढून दाखवला. चौथीचं ते ठसठशीत अक्षर. ‘वरचा कोपरा, डावा. तिसरी ओळ. खाली जाणे. दोन कमानी, मग कोंब.’ दोन कमानी म्हणजे एम आणि कोंब म्हणजे आर. मळ्यात राहणाऱ्या बाईला आर हे अक्षर मातीतून नुकतंच वर आलेल्या रोपासारखं दिसलं. पुढे एक ओळ लाल शाईत होती: ‘वरच्या ओळीवर हात पडू देऊ नये.’ एकदा पडला होता म्हणे. वरची ओळ मंगोलियाची. सगळा पडदा कुठल्या तरी उलट्यासुलट्या अक्षरांनी भरला. बाप्पा! तिला वाटलं, यंत्राला बाधा झाली. दारं लावून घेतली, म्हणजे कोणी पाहू नये आणि सचिवांच्या कानावर जाऊ नये. मग बंद करून, देवाचं नाव घेऊन पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात म्हणे तिला अर्धा-पाऊण तास लागायचा, म्हणून ती पहाटेची भाकर उरकून वाचनालय लवकर उघडायची, लोक यायच्या आत मराठी लावून ठेवायची. दादालासुद्धा बोलली नाही.

“अगं, मला फोनवर का नाही विचारलंस?”

“काय विचारू? तुमी सांगतलं होतं तसंच करून राहिलो होतो.”

तेव्हा मला सांगावंच लागलं. कुठल्या तोंडाने सांगितलं, माझं मलाच माहीत. म्हटलं, वयनी, तो प्रश्न शेवटी येतो ना, तो हाच असतो की आजचं ठेवू का. तिथे एकदा, फक्त एकदा, लांब बटण दाबलं असतंस तर मराठी कायमची राहिली असती. मीच तुला नो दाब म्हटलं. ते बटण मी दाबायला हवं होतं, गाडीच्या घाईत विसरले.

वयनीने तो कागद घडी करून रजिस्टरात ठेवला. मी वाट पाहत होते की आता ती बोलेल, आणि बोलावंच तिने. चाळीस-बेचाळीस वर्षांत ती मला एकदाही टाकून बोलली नव्हती. आज तिला हक्क होता.

“दाबून द्या मंग आता,” ती म्हणाली. “मले काय रोज रोज हौस हाये?”

मी मशीन पुन्हा चालू केलं, मराठी लावली, आणि बंद करताना लांब बटण तिलाच दाबायला दिलं. मग पुन्हा चालू केलं. पडदा उजळला तो मराठीतच. वयनी त्याच्याकडे पाहत राहिली. खूश झाली असेल असं मला वाटलं, पण ती विचारात पडलेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पन बाई, मले एक सांगा. मंग तुमी काहून एकदाच करत नाई?”

“मी? मी काय?”

“तुमच्या कॉलेजात चाळीस कम्पुटर हायेत म्हणता ना. मी रोज सकाळी इथं बसलो की तुमची याद यायची. म्हणायचो, माही नणंद एकटी तिकडे सकाळी सकाळी चाळीस लावून राहिली असन, अन् कधी तोंडातून कुरकुर नाई. मी एकासाठी काहून रडू? म्हणून तं तुमाले फोनवर सांगतलं नाई.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. अख्खं आयुष्य चढ्या आवाजात काढलेली मी, माझा आवाज मलाच ऐकू येईना.

“वयनी,” मी म्हणाले, “चाळीस नाही. मी एकही लावत नाही. सकाळी गेले की नुसतं बटण दाबते.”

 वयनी खिडक्या लावायला उठली.

“बाप्पा,” ती म्हणाली, “मंग तं लयच सोपं हाये तुमचं काम.”